मंगळवार, शुक्रवार

चार तास लागतात रक्त धुवायला.
स्वारगेट ते महाड, तेव्हाच्या एस्टीला
तेवढेच लागायचे.

सिस्टर दोन सुया टोचते, यंत्र घुरघुरायला लागतं
आणि कुमुद डोळे मिटून विचारते,
"भोर आलं का?"

मी खिडकीतून बघतो. खाली कर्वे रस्ता,
सिग्नलला अडकलेल्या दुचाक्या, रसवंतीचे घुंगरू.
"आलं," म्हणतो. "पाच मिनिटं थांबणारे."

मग वरंधा. तिसऱ्या वळणावर गाडी बंद,
कंडक्टर दगडावर बसून हिशेब जुळवतोय,
आम्ही भांडतोय, थर्मास कोण विसरलं म्हणून.
एका पोरीनं पळसाच्या द्रोणात करवंदं आणली.
हिची जीभ जांभळी. माझा सदरा कायमचा गेला.

"थर्मास तुम्हीच विसरलात."
आवाज बारीक झालाय हल्ली,
तक्रार ठणठणीत.

पाणी आता मोजून, दिवसाला तीन पेले.
त्या वळणावर झरा होता, मे महिन्यातला,
बोटाएवढी धार. ओंजळ भरेपर्यंत
मागचे लोक ओरडत होते.
एवढंच ती दोनदा सांगायला लावते.

यंत्र वाजतं. सिस्टर सुया काढते.
महाड अजून यायचंय.
"राहू दे," ती कापूस दाबत म्हणते,
"शुक्रवारी उतरू."