खूणगाठ

चर्चच्या फरशीतून निघाला तो दगड.
पालथा होता. सातशे वर्षं लोक
त्याच्या पाठीवरून चालत गेले,
लग्नाला, मर्तिकाला, थंडीने पाय आपटत.
उलथला तेव्हा खाली घोडा होता, आठ पायांचा,
चौकड्यांच्या शिडाचं गलबत,
आणि घोड्याच्या पोटाखाली
एकमेकांत गुंतलेले तीन त्रिकोण,
माझ्या तळहाताएवढे.

मी बोटिल्डा. गोटलंड बेटावर दगड धुते.
बांबूची काडी, मऊ ब्रश, उकळून गार केलेलं पाणी.
जुना चुना घाईने सुटत नाही.

लोक येतात, विचारतात, याचा अर्थ काय?
पाद्री म्हणाले, पिता, पुत्र, पवित्र आत्मा,
मग स्वतःच ओशाळले. दगड
येशू या बेटावर पोचायच्या आधीचा.
सहलीला आलेली एक पोर म्हणाली, तंबू आहेत,
वाऱ्याने एकमेकांत घुसलेले.
पुस्तकांत नाव दिलंय, रणात पडलेल्यांची गाठ,
पण ते नाव दगडाहून कितीतरी धाकटं.
कोरणारा त्याला काय म्हणत होता, कोण जाणे.

मानेवर हीच खूण गोंदलेला एक जण आला,
रक्त, शुद्धता, आपले, उपरे असं बोलू लागला.
म्हटलं, दगड ओला आहे, लांब उभे राहा.
दगड कोरडा ठणठणीत होता.

वार्दगेस असतो मदतीला. ग्युम्रीचा पाथरवट,
स्वीडिश बोलतो ती छिन्नीने तोडल्यासारखी.
त्याच्या मुलखात दगडावर क्रूस कोरतात
आणि क्रुसाभोवती दगडाचाच दोरा,
वरून, खालून, वरून, खालून,
कुठेच टोक नाही.
बाप सांगायचा, टोक सोडलंस
तर मेलेला तिथून निसटेल.
भूकंपाच्या हिवाळ्यात त्याने
बापासाठीच दगड कोरला.
सगळं रीतीप्रमाणे. फक्त खाली, उजव्या कोपऱ्यात
एक टोक मोकळं.
का? खांदे उडवले त्याने.
"वाटलं, त्याला बाहेर यायचं असेल."

काल जेवणाच्या सुट्टीत
त्याने तांब्याच्या तारेचे तीन त्रिकोण वाकवले,
दगडाकडे बघत बघत, कुठे वरून, कुठे खालून,
आणि माझ्या हातात दिले.
एक काढ, म्हणाला.
मी एकाचं तोंड उकललं, ओढून काढला.
उरलेले दोन
टेबलावर सुटे पडले.
ते एकमेकांत अडकलेलेच नव्हते कधी.

अकरा आठवडे धूत होते मी ही खूण.
सुरगाठ ठाऊक होती, ओढली की सुटते.
निरगाठ ठाऊक होती, ओढली की आवळते.
ही तिसरीच कुठलीतरी,
तिघांनी मिळून धरलेली, दोघांत नसलेली.

आल्वार नऊ वर्षांचा होता.
मार्च होता, बर्फ पातळ होतं.
टोर्ग्नी आणि मी त्यानंतर दोन हिवाळे
त्याच घरात राहिलो. भांडलो नाही.
तो लाकूड फोडायचा, मी चूल पेटवायचे,
मीठ मागायचं तेवढं बोलायचो.
मग एका सकाळच्या बोटीने
तो मुख्यभूमीला गेला, एक बॅग घेऊन.
लोक म्हणाले, दुःखाने तोडलं.
मीही तसंच सांगत आले, वीस वर्षं.
कधी त्याच्या नावाने, कधी माझ्या.

संध्याकाळी तक्ता भरायचा असतो.
घोडा, एक. पाय, आठ. गलबत, एक.
चिन्हाचा अर्थ,
तिथे नेहमीसारखी आडवी रेघ.

तारा पाकिटात घातल्या.
पत्ता आठवतो का बघितला. आठवला,
घराच्या नंबरासकट.
पत्र लिहिलं नाही. तो सुतार आहे,
हातात घेतल्यावर त्याला कळेल.
तिसऱ्या त्रिकोणाचं तोंड मात्र
मी दाबून बंद केलं नाही.