पालथं तिकीट

रीगा. डिसेंबर. दुपारी साडेतीनलाच दिवा.
झिगुर्ड्स चिमट्याने तिकीट पालथं करतो.
पुढून सगळी सारखीच:
कणसं, उगवता सूर्य, लाल पाच कोपेक.

ओळख पाठीवर.
वहीच्या रेघा असल्या तर एक जात,
सिगारेटच्या कागदागत आरपार बोट दिसलं
तर दुसरी.
हे तिसरं. हरलेल्या फौजेचा नकाशा;
कोरा कागद कुठला तेव्हा,
त्याच्याच पाठीवर छापलं नवं राष्ट्र.

नखाएवढ्या जागेत
एक विहीर, गावाचं अर्धं नाव
आणि काठापर्यंत गेलेली गाडीवाट.

शेजारचं तिकीट मागच्या साली
टोरांटोच्या बाईंना विकलं,
छप्पर गळत होतं म्हणून.

आता भिंग धरून बसलाय.
वाट पुढे डावीकडे वळत होती की काय,
बघून तरी ठेवायचं.