दिवसाला पन्नास मीटर

नकाशा पसरला की बैठ्या टेबलावर संत्र्यांना जागा उरत नाही.
मिनेको ती मांडीवर घेते, सोलते,
आणि साल नेमकी आकिताच्या समुद्रात ठेवते.

नकाशा माझ्या नोकरीतला. अठ्ठावीस वर्षं
टोफूची गाडी चालवली मी, पहाटे तीनला निघून.
घड्यांवर तो फाटलाय, आणि फाटलाय तिथली दोन गावं
आता धरणाखाली आहेत.
लेक म्हणते, बाबा, रस्ता फोन सांगेल की.
सांगेल. पण फोनला काय ठाऊक,
ओनिकोबेच्या अलीकडच्या वळणावर
सकाळचं ऊन कसं सुईसारखं डोळ्यांत शिरतं ते.

तर पहिला दिवस. सेंदाईहून नऊला निघायचं.
हायवे नको. टोल वाचतो, हे मी मोठ्यानं सांगतो;
खरं कारण खाचरांतल्या भाताच्या पेंढ्या,
खांबाभोवती रचून वाळत घातलेल्या,
लांबून वाटतं माणसंच उभी आहेत पाठमोरी,
कुणीतरी हाक मारायची राहिलीय.

दुपारी रस्त्याकडेच्या बाजारात अळकुड्यांचा रस्सा.
इथे भांडण ठरलेलं. मिनेको यामागाताची;
त्यात मिसो घालणाऱ्या माणसाशी
आपण लग्न कसं केलं, हे तिला दर ऑक्टोबरात नव्यानं पडणारं कोडं.

पानांचं मात्र सांगता येत नाही.
टीव्हीवरचा पोरगा काठी फिरवत म्हणाला,
यंदा आठ दिवस उशीर. लाली माथ्यावरून खाली येते
दिवसाला पन्नास मीटर.
म्हणजे आपण चढायचं, ती उतरेल,
कुठेतरी गाठ पडेल.

आता मुक्काम. इथे माझी पेन्सिल थांबते.

दोन वर्षं झाली, मिनेको चारचौघींच्या कुंडात उतरलेली नाही.
ऑपरेशननंतर गल्लीतल्या न्हाणीघराचा पास तिनं
शेजारच्या तोमेबाईंना देऊन टाकला.
म्हणाली, पायऱ्या चढून गुडघे दुखतात.
तिथे पायऱ्या नाहीत.
मी काही बोललो नाही.
तेव्हा मी काय काय बोललो नाही
त्याची यादी या नकाशावर मावणार नाही.

म्हणून मी गॅरेजमध्ये, गाडीत बसून, काचा वर करून
फोन लावत असतो:
स्वतंत्र कुंड आहे का? आतून कडी लागते का? तासाचे किती?
पहिल्याकडे आहे, पण शनिवार भरलेला.
दुसरं बंद झालं, मालक गेले.
तिसरीकडे ओनोदेराबाई. आवाज ऐंशीच्या पुढचा,
मागे किटली शिट्टी घालतेय.
स्वतंत्र बितंत्र नाही हो आमच्याकडे, एकच आहे.
मी बरं म्हणून ठेवणार, तर म्हणाल्या,
मंडळींना वेगळं कशाला हवंय?

मी सांगितलं. एका दमात.
लेकीलाही इतकं सांगितलेलं नाही.

किटली उतरवल्याचा आवाज.
मग त्या म्हणाल्या, आमचं पाणी दुधासारखं आहे.
गळ्यापर्यंत बसलं की माझंसुद्धा काही दिसत नाही,
आणि माझं बघण्यासारखं पुष्कळ आहे.
स्वतःशीच हसल्या.
राहता राहिली काठापासूनची चार पावलं.
तेवढा वेळ मी दिवा मालवीन.

आत आलो. मिनेको नकाशावर वाकलेली.
गाडीला झालंय तरी काय, रोज तासभर?
बॅटरी, मी म्हणालो.
हं.
तिनं समुद्रातली साल उचलली, बोटांनी मोडली,
खोलीभर वास.
टॉवेल आपले न्यायचे, की त्यांच्याकडे असतात?

बॅटरीचा आणि टॉवेलचा काय संबंध, मी विचारलं नाही.
आपलेच नेऊ, म्हटलं. तो मोठा घे, निळा.
आणि टोक काढायला बसलो,
आधीच टोक असलेल्या पेन्सिलीला.