रिकामी पाठ

अठरा वर्षांत पहिल्यांदाच वेंडेलिनला
ऑगस्टमध्ये आठवडाभर सुटी मिळाली.
मी म्हटलं, समुद्रावर जाऊ, क्रोएशियाला.
गावातले सगळे जातात.
त्यानं आधी कॅलेंडरकडे पाहिलं, मग बुटांकडे,
आणि म्हणाला, "वर जाऊ या, लुद्का.
फिरायला. लोक येतात तसं."

लोक येतात तसं!
ज्या वाटेनं हा दिवसाआड
साठ किलो चढवतो तात्राच्या अंगावर,
पीठ, कोबी, गॅसच्या टाक्या, बिअरची पिंपं,
एकदा तर निवाऱ्यावरच्या बाईंचं शिवणयंत्र
(त्याचं चाक म्हणे वाऱ्यानं आपोआप फिरत होतं),
त्याच वाटेनं मी निघाले काकडीचे सँडविच घेऊन
आणि हा नुसताच.

त्याला चालता येईना.
पुढं झुकायची सवय, आणि झुकायला कारण नाही.
पहिल्या लाकडी पुलावर तोल गेला,
कठडा धरून हसला, कान लालेलाल.
दगड मात्र एकेक ओळखीचा:
हा डुगडुगतो, हा पावसात साबण होतो,
हा दिसायला गरीब, पण घोटा मोडणारा.
दगडांच्या वर काय आहे
ते विचारू नका.
ओझ्याखालच्या मानेला दिसतात
आपले बूट आणि पुढच्याच्या पोटऱ्या.

उंच झाडं संपली, गुडघाभर पाईन लागले,
आणि वळणावर तो असा थबकला की मी धडकलेच.
"इथं धबधबा आहे?"
"कधीचाच."
"आवाज यायचा," तो म्हणाला,
"मला वाटायचं, कानातलं रक्त."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

अस्वलाची विष्ठा त्यानंच आधी पाहिली,
जमिनीवरचं सगळं त्याचं:
जांभळी, ब्लूबेरीच्या बियांनी खचलेली,
अजून ओली. "सकाळची," म्हणाला
आणि पावाचा भाव सांगावा तसा पुढं गेला.
मी मात्र उरलेली वाट मोठ्यानं बोलत चालले.

कड्यावरच्या बर्फाच्या चिंधीवरून
कामझिक चालले होते, सहा, आणि एक पिल्लू
ज्याला खाली उतरायचं नव्हतं.
आईनं मागं वळून पाहिलं नाही.
पिल्लू उभं राहिलं, उभं राहिलं,
आणि बसकण मारून घसरत गेलं.
वेंडेलिननं दुर्बीण परत दिलीच नाही.
"अठरा वर्षं हे इथंच?" असं
मला नाही, कुणाला तरी विचारलं.

तेवढ्यात शिट्टी. मग दुसरी. मग सगळा उतार.
मार्मोट बिळांच्या तोंडाशी उभे, लठ्ठ,
पोटावर हात ठेवून दुकानदारांसारखे.
त्यानं मागं वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.
"तुला बघून," मी म्हटलं.
"मला? मला कधी वाजवत नाहीत.
माझ्या चौकटीची करकर ओळखतात ते."
माझा नवरा, एकावन्न वर्षांचा, दाराएवढा रुंद,
खारीच्या भावकीनं परका म्हटलं
म्हणून खरंच हिरमुसला.

तळ्याकाठी लाकडं रचून ठेवलेली असतात.
एक ओंडका वर न्यायचा, निवाऱ्यावर चहा फुकट.
"सुटी आहे," मी बजावलं.
"तुझ्यापुरता एक," म्हणाला. मग स्वतःपुरता.
मग आणखी दोन, ज्यांचा चहा कोण पिणार होतं देव जाणे.
दोरी त्याच्या खिशातच होती.
समुद्राला निघालो असतो तरी असती.

पाठ वाकली, पाऊल जाग्यावर आलं,
आणि उतार गप्प झाला.

ढग आला होता, म्हणून असेल.
मी तसं म्हटलंही.
तो काही बोलला नाही, चालत राहिला,
फक्त दर विसेक पावलांनी
ओझ्याखालून मान तिरपी करून
एका डोळ्यानं वर बघायचा,
आणि दोनदा ठेचकाळला.