पोच

दिवसा ही मेमरी कधीच चुकत नाही.
एकटीला गाठून विचारलं तर सगळं बरोबर सांगते.
कंपनीची चाचणी तीनदा लावली,
तीनदा हिरवी.

साखळीच्या पतसंस्थेत मार्चअखेरची रात्र,
अकरा हजार खात्यांवर व्याज चढवायचं,
आणि नऊ शाखा एकदम लिहू लागल्या की
कंट्रोलरच्या बफरमध्ये कुठेतरी
एका शून्याचा एक होतो.
पत्ता तोच. बिटही तोच.
रांग आठची असली तर नाही,
सोळाची असली तर क्वचित,
बत्तिसाला हमखास.

केबल बदलली. स्लॉट बदलला.
फर्मवेअर नवं घातलं, मग जुनंच परत घातलं.
बॅटरी काढली तर सान्नासारखी फुगलेली!
दोष सापडला म्हणून आनंद झाला,
नवी बसवली,
बारा मिनिटं टिकला आनंद.
पंख्याच्या जाळीतून मूठभर निघाली
खाणीच्या ट्रकांची लाल धूळ,
ती वेरेकरबाईंनी कागदात बांधून ठेवली
संचालकांना दाखवायला.
तापमान उतरलं.
चूक राहिली, फक्त उशिरा येऊ लागली.

बफर म्हणजे काय गं, बाईंनी विचारलं.
म्हटलं, चोडणच्या फेरीचा धक्का.
गाड्या उतारावर येऊन उभ्या,
फेरी अजून पलीकडच्या काठाला,
आणि धक्क्यावरचा माणूस घरोघर फोन करून सांगतोय,
पोचली हो तुमची गाडी.
बाई हसल्या नाहीत.
त्यांच्या पुढ्यात शाणू मळीकांचं पासबुक होतं,
व्याज चार हजार तीनशे बारा,
छापलेलं, ठसठशीत,
आणि डिस्कवर त्या ओळीचा मागमूस नाही.

मीही हेच करते.
'पोचले' म्हणून आईला काणकोणात कळवते
फोंड्याच्या स्टँडवर दुसरी बस शोधताना,
म्हणजे ती दिवा मालवून झोपते.
आजवर बस उलटली नाही,
एवढाच माझा खरेपणा.

दोन वाजता बफर बंद केला.
आता कुणाला आगाऊ काही सांगायचं नाही.
डिस्कवर उतरलं, की मगच पोच.
चाळीस मिनिटांचं काम
पोदेराची सायकल पों पों करत रस्त्यावरून जाईपर्यंत चाललं.
बाई खुर्चीतच झोपल्या, हात पासबुकावर.
नवं कार्ड सोमवारी येईल म्हणतात.
येईल तेव्हा येईल.

रात्रीचा राखणदार आग्नेल
दोन गरम पाव कागदात घेऊन दारात उभा.
'जालें गो बाय?'
हो अगदी ओठांवर आलेलं.
'थांब,' म्हटलं,
'बघून सांगते.'