चिकटवलेली पानं

घे, तरन्नुम. दोन्ही हातांनी घे,
कणा सैल झालाय.
नाव विचारू नकोस या पुस्तकाचं,
पहिली चार पानं माझ्या हाती येण्याआधीच गेलेली.
गड्ड्याच्या जत्रेत, पाळण्यांच्या मागं
एक म्हातारा पोतं अंथरून बसलेला,
त्यानं वजनावर दिलं. पाव किलोला थोडं कमी भरलं
म्हणून वर एक पंचांग दिलं, गेल्या सालचं.

पुठ्ठा माझ्या भावानं घातला.
चादरीच्या कारखान्यातली कापून टाकलेली किनार,
अर्धा मोर आहे बघ.
उरलेला अर्धा कुणाच्या तरी अंगावर असेल.

वास येईल. तंबाखूचा आहे, जाणार नाही.
अकरा वर्षं हे आम्ही विड्या वळता वळता वाचलं,
म्हणजे मी वाचलं. सातवी पास मी एकटी.
वाचणारीचे हात रिकामे, म्हणजे मजुरी बुडाली,
म्हणून प्रत्येकीनं दोन-दोन जुड्या
माझ्या सुपात टाकायच्या, असं ठरलेलं.
शांतम्मा एकच टाकायची,
आणि गोष्ट संपली की सगळ्यांत आधी
तीच म्हणायची, पुन्हा.

घरात तेलुगू, शेजारी कन्नड, गोष्टी मराठी.
अडलेले शब्द कडेला पेन्सिलीनं लिहिलेत.
‘निबिड’ म्हणजे काय, कुणालाच सांगता येईना.
राजमणी म्हणाली, लाइट गेल्यावर आपली गल्ली होते तसं.
तसंच लिहून ठेवलंय.

आता ऐक, सांगायचं ते हे.
सहावी गोष्ट. तळ्यावर धुणं धुणाऱ्या पोरीची.
तिचं काय होतं ते मला आदल्या रात्रीच कळलं होतं,
मी नेहमी घरी आधी वाचायचे, अडखळायला नको म्हणून.
दुसऱ्या दिवशी पोर पाण्याकडं निघाली
तशी नरसव्वाची कात्री थांबली.
तिची थोरली, कंबर तलावात,
त्याला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.
मला आठवलंच नव्हतं गं. वाचायला बसेपर्यंत नव्हतं आठवलं.
कुणी हललं नाही. छाट काढणारा चेकरसुद्धा दारात उभा.
“तर्वाता?” नरसव्वानं विचारलं. मग?

मी पानाकडं बघत बघत
पानात नसलेलं वाचलं.
पोर घसरली, भिजली,
ओल्या परकरानं घरी आली.
आईनं रागावून डोकं पुसलं,
कडक भाकरी दिली, शेंगाचटणी, वर तेल.
“तेल किती?” नरसव्वा म्हणाली.
भरपूर, असं लिहिलंय, मी म्हटलं.

त्या रात्री खळ शिजवली
आणि ती दोन पानं एकमेकांना चिकटवून टाकली,
माझ्याच डोळ्यांनी चुकून वाचायला नकोत.
पुढं कितीदा मागितली तिनं ती गोष्ट.
परकर पहिल्यांदा हिरवा सांगितलेला, एकदा चुकून मोरपंखी म्हटलं,
तिनं तिथंच पकडलं मला.

आता एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, एक व्हायचाय.
तू युनिफॉर्मच्या ढिगाआड बसून वाचतेस म्हणे,
तुझी आई सांगत होती, तक्रार करावी तसं.
वाच. मशीनच्या तेलाचा डाग पडला तर पडू दे.
मला परत आणू नकोस, पुढं दे कुणाला.

पानं वाफेवर धरलीस तर सुटतील.
सोडव म्हणत नाही, सोडवू नको म्हणत नाही.
लिहिणाऱ्यानं लिहिलं ते त्याचं,
त्याच्यावर खळ लावली ते माझ्या डोक्यावर.

फक्त एवढंच,
नरसव्वा तुमच्याच गल्लीत राहते, घरकुलात,
टाकीच्या बाजूला. चार दिवसांनी पाणी येतं
तेव्हा दारात घागरी मांडून बसलेली असते.
ऐकू कमी येतं, पण हा अर्धा मोर
ती लांबून ओळखेल.
बस म्हणेल. कुठली गोष्ट, तेही तीच सांगेल.
मोठ्यानं वाच.
परकर हिरवा, लक्षात ठेव.