दूध कट्ट्यावर, साडेनऊच्या पुढं

धार थेट पेल्यात पडते, फेस काठावर येतो,
तेवढ्यात अल्ताफ मुजावर म्हणतो,
ओनिदाके एका बुक्कीत डोंगर फोडतोय भावा,
विषय संपला.

विश्वतेज ओठावरचा फेस पुसत नाही,
मिशी आल्यासारखं वाटत असेल त्याला.
डोंगर काय पळतंय व्हय? उभ्या डोंगराला
मारायला काय लागतंय?
शिराबेई बघ. डोळं बांधून
पावसाचा थेंब न् थेंब चुकवतोय गडी.

मी पेले विसळते.
बादली, सुट्टे पैसे, उधारीची वही,
आबांच्या म्हशीच्या पाठीवरची माशी,
एवढंच माझं काम.
एकशे बारा भाग मी बघितलेत, दोनदा,
वैरणीच्या गंजीला टेकून, जिथं रेंज येते तिथं.
जपानी आवाज कानात, खालची अक्षरं डोळ्यांत.
हे कुणी विचारलेलं नाही.

अल्ताफ आता जोतिबाच्या डोंगरावर आलाय.
ओनिदाके तो उचलून रंकाळ्यात टाकणार.
मग रंकाळ्याचं पाणी कुठं जाईल?
इराणी खणीत.
आणि खणीचं?
तुझ्या घरात.
अद्वैत सासनेचा केमिस्ट्रीचा क्लास कधीच बुडालाय,
तो बिस्किटाच्या पुड्यावर गुणाकार मांडतोय,
वजन गुणिले वेग,
आणि हातचा एक विसरतोय.

धैर्या चौगुले कडेला उभा.
कान फुगलेले, नखांत अजून तांबडी माती.
मला मोकुसुके आवडतोय, म्हणाला.

सगळे हसले. म्हैससुद्धा दचकली.
आखाड्यातला झाडूवाला, एकतीस कुस्त्या हरलेला,
त्याचं नाव ह्या यादीत
कोण घेतंय?

हिंदुराव वस्ताद रोज येतात, बिनसाखरेचं घेतात.
त्यांनी विचारलं, ह्यातल्या कुणाच्या पाठीला
माती लागलीया का कवा?
वस्ताद, ते मरत्यात, अल्ताफ म्हणाला,
आन् परत येत्यात. दुप्पट ताकदीनं.

मरतंय कुणीबी,
वस्तादांनी पेला खाली ठेवला.
चितपट होऊन दुसऱ्या दिवशी
गल्लीतनं चालत जाऊन दाखवू दे.

मग कुणीच बोललं नाही.
रविवारी यवलूजच्या मैदानात
हलगी अजून रंगात यायची होती,
चाळीस सेकंदांत धैर्याला ढाक लागली.
चुलत्यानं आणलेला फेटा
पिशवीतच राहिला.
वहीत त्याच्या नावापुढं
पाच दिवस कोरे आहेत, मला माहीत आहे.
आज आला, तर अर्धाच पेला मागितला.

अठ्ठ्याऐंशीवा भाग, मी म्हणाले,
आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला.
शिराबेई जिंकतोय. लोकं उठून जात्यात.
मोकुसुके उठतोय, झाडू घेतोय,
स्वतः पडलेली जागा पहिल्यांदा झाडतोय.
आन् शिराबेई, डोळं बांधलेला,
झाडूच्या आवाजावरनं
दोन पावलं बाजूला सरकतोय.
अख्ख्या मालिकेत तो कुणासाठी सरकला नाही.
थेंबासाठी सरकला, माणसासाठी नाही.

तू बघतीस?
बघतीस म्हंजे? मी पाठ केलोय.

अल्ताफनं टोपी मागं ढकलली.
मग तूच सांग, कोण भारी?
मी धैर्याचा पेला घेतला, म्हशीखाली धरला,
काठापर्यंत भरला, वर फेस वेगळा.
तो नको म्हणाला नाही.
वहीत लिहिलं, चौगुले, आणि आकडा.
वस्ताद धोतराचा सोगा सावरत
गंगावेशीकडं निघाले.

बरं ते राहू दे, अद्वैत पुडा उलटा करत म्हणाला,
पण ओनिदाके झोपेत असला तर?

म्हशीनं शेपूट फिरवली.
डोंगर फोडणारे, थेंब चुकवणारे
सगळे
एक पाऊल मागं.